गिळलेला हात

प्रिय खारूताई,

बाबा दाढी करायला सलूनमध्ये गेलेत. सुट्टीचा दिवस, तिथे गर्दी असणार, म्हणजे मला थोडा वेळ आहे. ते परत यायच्या आत हे पत्र लिहून, चिकटवून माझ्या पर्समध्ये जायला हवं. पत्र कशाला, फोन नाही का, असं तू म्हणशील. पण मी तुझ्याशी फोनवर बोलायला लागले की बाबा मांडीवर वर्तमानपत्र पसरतात आणि एकही पान उलटत नाहीत. फोन घेऊन गॅलरीत जावं तर त्यांना लगेच कळतं की विषय आपणच आहोत. मोबाइलवर टाइप करून पाहिलं, पण चार ओळींत ते तुझ्याविरुद्धची तक्रार वाटायला लागलं, म्हणून पुसून टाकलं. तक्रार नाही, एवढं आधीच सांगते. काय आहे ते बहुतेक लिहिता लिहिता मलाच कळेल. तुला माहीत आहे, काही महत्त्वाचं बोलायचं असलं की मी आधी रोजनिशीत लिहून बघते, खोडते, मग बोलते. हे मात्र आधी कुठेच लिहिलेलं नाही, त्यामुळे मागेपुढे झालं तर सांभाळून घे.

आधी बातमी. कामावरच्या इजेचा भत्ता देणाऱ्या ऑफिसकडून तारीख आली. पुढच्या महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात बाबांची वैद्यकीय तपासणी, तिसऱ्यांदा. मी ऑफिसात जाऊन चौकशी केली तर खिडकीतल्या बाई, त्याच त्या चष्म्याला दोरी बांधलेल्या, मान वर न करता म्हणाल्या, "ही शेवटची हं. यात काही निघालं नाही तर दावा फेटाळला, फाइल बंद." मी विचारलं, "काही निघालं नाही म्हणजे?" तर म्हणाल्या, "म्हणजे माणूस धडधाकट निघाला तर." त्यांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. पण 'धडधाकट निघाला तर' हे शब्द मी बसस्टॉपपासून घरापर्यंत चघळत आले. आपल्या माणसाबद्दल असं ऐकून कुणाला धडकी भरते का? मला भरली. भत्ता सुरू झाला की तू ती नोकरी सोडायची आणि अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायचं, असं आपलं ठरलंय. बाबांनी ते मनात इतकं धरलंय की त्याबद्दल एक अवाक्षर बोलत नाहीत.

तू लांब असल्यामुळे या दाव्याची गोष्ट तुला तुकड्यातुकड्यांनी कळली, आणि मीही तुला काळजी नको म्हणून प्रत्येक तुकडा घासूनपुसून दिला. ते बरोबर केलं का, आता शंका येते. सुरुवातीला अर्ज परत आला तो औषधाच्या नावावरून. 'ज्या कीटकनाशकामुळे इजा झाली त्याचे नाव' असा एक रकाना होता. बाबा होते त्या पॉलीहाऊसमध्ये, प्लास्टिकच्या छताखालच्या त्या शेतात, फवारणीवाल्यांना नावं कुठली माहीत? एक दुधाळ, एक पिवळं, एक लसूण. डबे गोदामातच फोडायचे, यांच्या पाठीवरच्या पंपात यायचं ते पिंपात कालवलेलं पाणी. बाबांनी त्या रकान्यात लिहिलं, 'लसणाच्या वासाचं.' तुला आठवतं का, तू त्यांना लसूणबाबा म्हणायचीस? ते कामावरून आले की मी त्यांना मागच्या दारी मोरीतच उभं करायचे, कपडे वेगळ्या बादलीत, आणि तू उंबऱ्यावर नाक धरून ओरडायचीस, "लसूणबाबा, आधी आंघोळ!" ते हसून ओला हात तुझ्यावर झटकायला बघायचे, आणि मी तुला दंडाला धरून आत ओढायचे. आपलं सगळं हसण्यावारी जायचं तेव्हा.

तर 'लसणाच्या वासाचं' ऑफिसला चाललं नाही. नाव विचारायला कंपनीत गेलो, तर फवारणीचं काम आता ठेकेदाराकडे. ठेकेदाराकडे गेलो, तर तो म्हणाला, "मी परवा आलो, जुनं मला काय माहीत?" नाव मिळेस्तोवर फाइल ज्या साहेबांकडे होती त्यांची बदली झाली, आणि नव्या साहेबांनी सगळं पहिल्यापासून मागवलं. मधूनमधून एक छापील पत्र यायचं, 'आपल्या प्रकरणी कार्यवाही सुरू आहे.' बाबा ते वाचून म्हणायचे, "म्हणजे पंखा सुरू आहे." त्या ऑफिसात खरोखर तेवढंच सुरू असतं.

मध्येच उठून खिडकीतून बघून आले. अजून दिसत नाहीत. उठलेच होते म्हणून गॅसही बघून आले, तो बंदच होता. हल्ली माझं हे असं चाललंय. परवा वाचनालयात एका म्हाताऱ्या वाचकाच्या पुस्तकावर मी परतीच्या तारखेऐवजी बाबांच्या तपासणीची तारीख मारून दिली. ते बिचारे म्हणाले, "ताई, एवढा वेळ देताय? मी जाड पुस्तक घेतलं असतं."

पहिल्या तपासणीच्या वेळी मी बाहेर बाकावर बसले होते. नंतर कळवलं गेलं, 'हातांत कंप आढळला नाही.' मी भडकले. ज्या माणसाला शर्टाची बटणं लावता येत नाहीत, कुलपात किल्ली घालायला दोन्ही हात लागतात, जो दाढी करताना दोनदा गाल कापून घेऊन शेवटी सलूनमध्ये जायला लागला, त्याच्या हातात कंप नाही? सलूनमधल्या गप्पा आवडतात, हे तुला सांगायचं कारण. गप्पा मारायला त्यांना कधीच आवडलेलं नाही. डॉक्टर कंपनीला मिळालेला असणार, असं मी ठरवूनही टाकलं. पुरावा काय होता माझ्याकडे? काही नाही. राग होता.

पुन्हा अर्ज केला. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाऊन एक आख्खा उन्हाळा निघून गेला, तेव्हा दुसरी तपासणी लागली. या वेळी मी आत बसायची परवानगी काढली. डॉक्टर तेच, वयस्कर, सर्दीनं हैराण झालेले, पण घाईत नव्हते. त्यांनी बाबांना चालायला लावलं, डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, जुने रिपोर्ट चाळले. मग म्हणाले, "हात पुढे करा." बाबांनी हात पुढे केले. डॉक्टरांनी ताणलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. डोळ्यांना न दिसणारा कंप कागदावर दिसतो म्हणे. खारूताई, कागद हलला नाही. भिंतीतल्या फळीवर ठेवल्यासारखा पडून राहिला. डॉक्टर वाकून बघत होते, मी बघत होते, आणि बाबा मात्र आपल्या हातांकडे न बघता कोपऱ्यातल्या बेसिनच्या नळाकडे बघत होते. तो नळ लक्षात ठेव. आणि तुला खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते, त्या क्षणी मला बाबांचा संशय आला. मग घरी चालतं ते काय? सांडतं, फुटतं, ते काय? इतक्या वर्षांचा संसार, आणि एका कोऱ्या कागदावर विश्वास ठेवायला मला श्वासभराचाही वेळ लागला नाही.

बाहेर आलो. बाह्या खाली करताना बाबांचा हात असा उडायला लागला की मनगटावरचं घड्याळ खळखळ वाजलं. बाकावर गवय्या बसला होता. तुला तो आठवत असेल, बाबांच्या पाळीतला, तोंडाला फडकं बांधून आतल्या आत गाणी म्हणत फवारणी करायचा तो. त्याचाही दावा तिथेच अडकलाय. त्यानं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "हात हललाच नाही." गवय्या आधी बाबांकडे बघत राहिला, मग त्यानं मांडीवर थाप मारली आणि असा हसला की सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. "वहिनी, यानं हात गिळला! अरे लेका, इथेही गिळलास?"

मग त्यानं सांगितलं. मला हे इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, आणि तुलाही नसणार. पॉलीहाऊसमध्ये रोज सकाळी पंप द्यायच्या आधी मुकादम सगळ्या फवारणीवाल्यांना ओळीत उभं करायचा आणि एकेकाला म्हणायचा, "हात पुढे कर." पालथ्या हातावर पाण्याचा कागदी कप ठेवायचा, रिकामा. कप पडला की त्या दिवशी फवारणी नाही, तण उपटायला जा, नाहीतर घरी. नियम बहुधा चांगल्यासाठीच केला असेल, ज्याचा हात कापायला लागलाय त्याला औषधाजवळ पाठवू नये म्हणून. पण फवारणीची मजुरी जास्त, आणि ज्याचा कप दोनचारदा पडला त्याला पुढच्या हंगामात बोलावणं नाही. म्हणून सगळे हात गिळायला शिकले. हा त्यांचाच शब्द. कोपर बरगडीत रुतवायचं. गमबुटात पायाची बोटं आवळायची. जीभ टाळूला लावायची. अर्धा श्वास घेऊन तिथेच अडवायचा. आणि डोळे कपावर ठेवायचे नाहीत, लांब, शेडच्या टोकाला असलेल्या नळावर ठेवायचे. जुन्यानं नव्याला शिकवायचं. बाबांना गवय्यानं शिकवलं आणि मग बाबाच सगळ्यांचे मास्तर झाले. "हा गिळायचा ना वहिनी, तेव्हा कप काय, त्यावर चिमणी येऊन बसली असती." मी विचारलं, मुकादमाला हे कळत नव्हतं? गवय्याचं हसू थांबलं. "तोही फवारणीतूनच वर आला होता," एवढंच म्हणाला.

आम्ही घरी आलो. चपला काढताना बाबा म्हणाले, "मी नाही केलं. हातानं केलं."

मला ते पटलं. तपासणीतले शब्द तेच, ओळीत उभं राहिल्यासारखं उभं राहणं तेच, हातावर ठेवलेली वस्तूही कागदाचीच. कोपर आपोआप जाणारच बरगडीत. मग आम्ही घरी सराव सुरू केला. मी समोर उभी राहून म्हणायची, "हात पुढे करा." की गिळलाच. "अहो, सोडा." "सोडलाय." "कुठे सोडलाय, श्वास धरलाय तुम्ही." "श्वासही सोडायचा? मग माझ्याकडे राहिलं काय?" शब्द बदलून पाहिले. बसवून, उताणं झोपवून पाहिलं. एकदा ते बटाट्याच्या भावावरून भाजीवाल्याला शिव्या घालत असताना मध्येच म्हटलं, तर शिवी अर्धी तोंडात ठेवून हात फळीसारखा पुढे! आम्ही दोघं इतके हसलो की मला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी मात्र जुंपली. ते म्हणाले, "सगळा जन्म थरथरायचं नाही म्हणून जीव काढला, आता तू मला थरथरायचं नाटक शिकव." मी म्हटलं, "नाटक तुम्ही तिथे केलंत. हे खरं आहे." तर म्हणाले, "खऱ्याला तालीम लागते का, बाईसाहेब?"

तेव्हापासून मी हाच हिशेब मांडतेय. त्या खोलीत त्यांचा हात थरथरला आणि त्यात माझ्या तालमीचा थोडासा जरी वाटा असला, तर मी ऑफिसला फसवलं असं होईल का? आणि नाही थरथरला, तर बाबांनी फसवलं असं होतं का? दोन्हीकडून विचार केला की डोकं भणाणून जातं. एवढं मात्र ठरवलं की सराव बंद. बाबांच्या तोंडावर त्या दिवशी जे दिसलं ते मला पुन्हा बघायचं नाही. पहिल्यांदा कामावर गेल्यासारखे दिसत होते ते, कुणीतरी आपल्याला नापास करणार असं धरून चाललेले.

त्यानंतर मी नुसती बघत राहिले, कुणासमोर हात सुटतो आणि कुणासमोर नाही. माझ्यासमोर सुटतो. गवय्यासमोर तर बघायलाच नको. तो आला की दोघं मुद्दाम एकाच ताटलीत शेंगदाणे घेऊन बसतात, निम्मे जमिनीवर जातात, आणि कुणाचे जास्त सांडले यावरून वाद घालतात. शेजाऱ्यांसमोर थोडा गिळतात. भत्त्याच्या बाईंसमोर पुष्कळ. आणि सगळ्यांत जास्त कुणासमोर, हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला, कारण ते माणूस आपल्या घरी कधीमधीच येतं.

मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा बाबांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की चहा सोडला, पित्त होतं. शाळेत असल्यापासून तुझा सकाळचा चहा ते करायचे, मला भांड्याला हात लावू द्यायचे नाहीत, आणि तू मैत्रिणींना सांगायचीस की आमच्याकडे आईचा चहा म्हणजे शिक्षा. तुला वाटलं, खरंच पित्त झालं असेल. जेवताना ते म्हणायचे, तुम्ही बसा, मी मागून बसतो. दिवसभर हात खिशात. तू चेष्टा केलीस, "बाबा, साहेब झालात, खिशात हात घालून फिरताय," आणि ते छान हसले. निघताना तुझी जड बॅग त्यांनी कुणाला उचलू दिली नाही. वजन असलं की हात शांत राहतो, हे मला नंतर गवय्याकडून कळलं. तुझी बस सुटली, आम्ही घरी आलो, ते खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही हात मांडीवर सोडून दिले. ते हात संध्याकाळपर्यंत उडत होते, खारूताई. इतके दिवस गिळलेलं सगळं बाहेर पडत होतं. मी दिवा लावला, त्यांनी मालव म्हणून सांगितलं.

आणि हल्लीच फोनवर तू म्हणालीस, "आई, रागावू नकोस, पण बाबांचा हात थरथरताना मी तरी कधी पाहिला नाही. ऑफिसवाले म्हणतात त्यात काही तथ्य नाही ना?" मग माझ्या गप्प बसण्यानं घाबरून तूच म्हणालीस, "मी रजा काढते. मीच त्यांच्याबरोबर आत जाते, डॉक्टरांशी मीच बोलते." मी "बघू" म्हणून फोन ठेवला, कारण समोर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. तू समजलीस, मी दुखावले. नाही गं. जो संशय मला शेजारी बसून आला, तो तुला इतक्या लांबून आला तर मी कुठल्या तोंडानं रागावू? तुला तुझ्या बाबांनी जे दाखवलं तेवढंच तू पाहिलंस. ते फार मेहनतीनं दाखवलंय त्यांनी.

म्हणून हे पत्र. तू रजा काढ, ये, पण तपासणीच्या खोलीत जाऊ नकोस. तू नुसती दारात दिसलीस तरी ते असा हात गिळतील की डॉक्टर त्यांना पुन्हा फवारणीला पाठवतील. तू आदल्या दिवशी ये. आल्या आल्या बाबांना सांग, चहा करा. मी घरात नसेन, काहीतरी निमित्त काढून शेजारी जाऊन बसेन. ते म्हणतील, सोडलाय, आई आली की करेल, खालून मागवू. तू ऐकू नकोस. कप काठोकाठ भरू दे आणि तो त्यांच्याच हातून तुझ्यापर्यंत येऊ दे. मध्येच उठून घेऊ नकोस. बशी वाजेल, सांडेल, फरशीवर, कदाचित तुझ्या कपड्यांवर. फडकं आणायला धावू नकोस, आणि नळाकडे बघू नकोस, त्यांच्या हाताकडे बघ. उरला असेल तेवढा पी. जमलं तर उंबऱ्यावरून ओरडायचीस तसं काहीतरी ओरड. रडू आलं तर ते माझ्यासाठी ठेव, मी येतेच आहे शेजारून. एकदा तुझ्यासमोर सांडलं की डॉक्टरांसमोर राखण्यासारखं त्यांच्यापाशी काही उरणार नाही, असं मला वाटतं. नुसतं वाटतं. मी चुकतही असेन, आणि हे तुझ्याकडे मागावं का हेही मला ठरवता आलेलं नाही, म्हणून मागूनच टाकते. पत्र मिळालं की नेहमीसारखा फोन कर. मी तो स्पीकरवर ठेवीन. पत्राबद्दल बोलू नकोस. एवढंच म्हण, "बाबा, मी येतेय, आणि चहा तुमच्या हातचा पिणार आहे." मी त्या वेळी त्यांच्या मांडीवरच्या वर्तमानपत्राकडे बघत असेन, आणि ते हलतंय का तेवढं बघेन.

जिन्यात पावलं वाजतायत. डिंक सापडत नाहीये.

तुझीच,
दाराकडे कान लावून बसलेली
आई